जंगल हिरवं दिसतं, पण ओलं किती वेळ राहतं? मॉस, लिव्हरवर्ट आणि आपली वनव्यवस्था

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांचं नेट स्लो आहे, ज्यांना एसटीच्या आवाजात ऐकू येत नाही आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी. बोललो होतो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे काय ना" काढून टाकलेत.

मी पहूरचा, काम सॉफ्टवेअरचं. त्यामुळे आधीच सांगतो, मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज शिकायला मिळते. डॅशबोर्डवर सगळे आकडे हिरवे असतात आणि तरी सिस्टिम आतून बसलेली असते. कारण आपण जे मोजतो तेच डॅशबोर्डवर दिसतं. जंगलाचंही तसंच आहे. आपण झाडं मोजतो, रोपं मोजतो, वरून दिसणारी सावली मोजतो. खाली दगडावर, खोडाच्या बुडाशी, नाल्याच्या काठावर नखाएवढी जी हिरवळ असते, तिला कुणी मोजत नाही. आणि जंगलात आपण जे काही करतो, त्याचा फटका सगळ्यात आधी तिलाच बसतो.

आजचा विषय तीच हिरवळ.

शेवाळ म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे जे काही हिरवं, ओलं आणि पाय घसरवणारं असतं, त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. विहिरीच्या पाण्यात तरंगतं तेही शेवाळ, घराच्या भिंतीवर पावसाळ्यात येतं तेही शेवाळ. पण हे वेगवेगळे लोक आहेत.

पाण्यातलं तार सुटणारं हिरवं म्हणजे शैवाल. भिंतीवर, दगडावर मखमलीसारखं वाढतं ते मॉस. मराठी विश्वकोशात त्याला हरिता म्हणतात. जवळून बघा, त्याला बारीक दांडी असते, इवलीशी पानं असतात. आणि जमिनीला चिकटून पसरणाऱ्या, चपट्या, फाटे फुटलेल्या हिरव्या पट्ट्या दिसल्या, तर ते बहुतेक लिव्हरवर्ट, मराठीत यकृतका. काहींचा आकार यकृतासारखा दिसतो म्हणून हे नाव. काही लिव्हरवर्टना पानंही असतात, पण आपल्या भागात चपटेच जास्त सापडतात.

जगात मॉसच्या सुमारे १२ हजार आणि लिव्हरवर्टच्या ७ हजारांच्या आसपास जाती आहेत. भारतात दोन्ही मिळून अडीच हजारांहून जास्त. यांचा भारतातला पद्धतशीर अभ्यास ज्यांनी उभा केला ते लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या लिव्हरवर्टवरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं.

आता महत्त्वाची गोष्ट. यांना खरी मुळं नसतात. बुडाशी केसांसारखे तंतू असतात, ते मुख्यतः धरून ठेवायचं काम करतात. बहुतेक मॉसचं पान फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. म्हणजे जमिनीत खोल जाऊन पाणी आणायची सोय नाही आणि आलेलं पाणी आत कोंडून ठेवायची सोयही नाही. हवा ओली तर मॉस ओलं, हवा कोरडी तर मॉस कोरडं. शिवाय यांचं प्रजोत्पादनही पाण्यावर चालतं. नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जाते. मध्ये पाण्याचा पातळ थर नसेल, तर तिथून पुढे काहीच नाही.

वाळलं म्हणजे मेलं नाही, पण...

आता कुणी म्हणेल, जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, इथे कसलं आलंय मॉस?

आहे ना. पावसाळ्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत जा, वाघूरच्या घळीत जा, सातपुड्यात पालच्या बाजूला जा. दगडांच्या उत्तरेकडच्या बाजूला, नाल्याच्या काठच्या मातीवर, जुन्या आंब्याच्या, उंबराच्या बुडाशी बघा. शेताच्या बांधावर रिक्सिया नावाचं लिव्हरवर्ट छोट्या हिरव्या फुलीसारखं पसरलेलं असतं. दगडाच्या कपारीत प्लाजिओकाझ्मा असतं. उन्हाळ्यात ते कडेने आत वळतं, खालची जांभळट काळी बाजू वर येते आणि बघणाऱ्याला वाटतं इथे काहीच नाही. अंधाऱ्या कपारीत कधी सायथोडियम दिसतं. ते हलक्या पिवळ्या हिरव्या उजेडाने चमकल्यासारखं वाटतं.

कोरड्या भागातले यातले बरेच जण पूर्ण वाळून झोपी जाऊ शकतात. पहिला दमदार पाऊस पडला की थोड्या वेळात पुन्हा हिरवे. हे ऐकून वाटतं की यांना काहीच होऊ शकत नाही. पण गोम इथेच आहे, आणि आजच्या एपिसोडमधला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

वाळलेलं मॉस ओलं झालं की पहिल्यांदा ते दुरुस्ती करतं. पेशी नीट करायला साठवलेली ऊर्जा खर्च होते. त्यानंतर मग उन्हातून अन्न बनायला लागतं आणि खर्च भरून निघतो. म्हणजे ओलं राहण्याचा काळ पुरेसा लांब असेल तर फायदा. पाऊस पडला, मॉस उठलं, दुरुस्ती सुरू केली आणि तासाभरात ऊन वाऱ्याने पुन्हा वाळलं, तर तोटा. असं पुन्हा पुन्हा झालं की साठा संपतो. तुमचा फोन दर पाच मिनिटांनी रिस्टार्ट करा. बॅटरी सगळी चालू होण्यातच जाईल, काम काहीच होणार नाही. तसंच.

म्हणून मॉससाठी पाऊस किती मिलिमीटर पडला याच्याइतकंच, पडल्यावर ओल किती वेळ टिकली हेही महत्त्वाचं. आणि ही वेळ कोण ठरवतं? वरची सावली, बाजूचा वारा, दगडाचा आकार, नाल्याचा काठ. म्हणजे जंगलात आपण जे बदलतो, नेमकं तेच.

डॅशबोर्डवर काय दिसतं?

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या जंगलाचा अहवाल काढते. त्यात वनाच्छादनाची व्याख्या अशी आहे: एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि झाडांच्या माथ्यांची दाटी १० टक्क्यांपेक्षा जास्त, की ती जागा धरली. जमीन कुणाची, झाड कोणतं, याने फरक पडत नाही. १० ते ४० टक्के म्हणजे विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, ७० च्या वर अति दाट.

देशभराचं चित्र उपग्रहातून काढायचं तर असं काहीतरी लागतंच. पण यात मिश्र जंगल आणि एका जातीची लागवड एकाच रंगात येऊ शकतात.

दुसरा आकडा रोपांचा. महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलैला २ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. रोप लावणं चांगलंच आहे. पण रोपाची सावली पडायला वर्षं लागतात, खड्डा मात्र आजच खणला जातो. तो कुठे खणला, याची नोंद त्या कोटीच्या आकड्यात येत नाही.

आता एकेक काम घेऊन बघू.

पहिलं: तोड आणि साग

साग आपल्या सातपुड्यातलाच आहे, बाहेरचा पाहुणा नाही. प्रश्न एकट्या सागाचा आहे. केरळात निलांबूरला इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. महाराष्ट्रात १९७४ साली वन विकास महामंडळ स्थापन झालं. कमी उत्पन्नाचं मिश्र जंगल काढून तिथे साग लावणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला.

मिश्र जंगलात वेगवेगळ्या उंचीची झाडं, खाली झुडपं, वेली असतात. वारा आतपर्यंत पोचत नाही. तोड झाली की पहिल्याच पावसाळ्यात ओल टिकायचा वेळ कमी होतो. लागवडीतली झाडं एका वयाची, एका उंचीची, आणि सागाची पानं उन्हाळ्यात नेमकी गळलेली असतात.

अजून एक गंमत. सागाचं पान मोठं, त्यावर पाणी साचून थेंब मोठा होतो. उंच झाडावरून तो पडतो तेव्हा मातीवर जोरात आदळतो. खाली झुडपं नसतील तर सागाखाली मातीची धूप उलट वाढते. अशा मार खाणाऱ्या मातीवर लिव्हरवर्टची चिमुकली पट्टी टिकणार कशी? शिवाय सागाचं पान जाड, ते अंगावर पडलं की खालच्या हिरवळीचा उजेडच बंद.

दुसरं: वणवा

फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्याकडची जंगलं पेटतात. कधी मोहाची फुलं वेचायला जागा साफ करताना, कधी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, कधी कुणाच्या विडीने. वन विभाग आधीच जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्टा साफ करून जाळून ठेवतो, म्हणजे आग पुढे जात नाही.

आपल्या वणव्यात मोठी झाडं सहसा उभी राहतात. आग जमिनीवरून पळते. म्हणजे मॉस राहतं त्याच उंचीवर. खोडाच्या बुडाची, दगडाच्या खालच्या कडेची वाळून झोपलेली वसाहत त्यात जाते. झोपलेलं मॉस ऊन सोसतं, आग सोसत नाही.

आणि इथे फसायला होतं. आगीनंतरच्या पावसात राखेवर मॉस उगवतं, कधी कधी भरपूर. फ्युनारिया नावाचं मॉस आणि मार्केंशिया नावाचं लिव्हरवर्ट जळालेल्या जागेवर लगेच येतात, हे जगभर दिसतं. कुणी फोटो काढून म्हणेल, बघा, जंगल परत आलं! पण हे लोक मोकळ्या जागेत घाईने राहायला येणारे. सावलीतले, हळू वाढणारे जे गेले, ते वेगळे. हिरवं तेवढंच दिसतं, पण आतले रहिवासी बदललेले असतात. म्हणून नुसतं "किती हिरवं" मोजून भागत नाही, "कोण हिरवं" तेही बघावं लागतं.

तिसरं: चर आणि पोकलेन

हा आपल्या भागातला नाजूक विषय. पाण्याची तहान आपल्याला माहीत आहे. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले जातात. खाली शेतशिवारात नाला रुंद आणि खोल केला जातो. धुळे जिल्ह्यातला शिरपूर पॅटर्न सगळ्यांना ठाऊक आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नाले खोल करून बंधारे बांधले गेले. ज्याच्या विहिरीला पाणी आलं, त्याला मॉसबद्दल प्रवचन देणं हा शहाणपणा नाही, आणि मी ते देतही नाही.

मुद्दा जागेचा आहे. शेतातला गाळाने भरलेला नाला वेगळा आणि जंगलातली वरची, खडकाची, झाडांनी झाकलेली घळ वेगळी. त्या वरच्या घळीत कपारी, ओले कोपरे, जांभळाची नि उंबराची सावली असते. कोरड्या खान्देशात मॉस आणि लिव्हरवर्टचा शेवटचा किल्ला तोच. तिथे मशीन घातली की काठ उभे कापले जातात, दगड उलटतात, सावली जाते. रोप पुन्हा लावता येतं. शंभर वर्षं एका जागी बसलेल्या दगडाची ओली बाजू पुन्हा लावता येत नाही.

चौथं: मोळी आणि चराई

युरोपातलं संशोधन वाचलं तर पडलेल्या, कुजलेल्या ओंडक्यांवर फार भर दिसतो. तिथली कितीतरी लिव्हरवर्ट फक्त कुजलेल्या लाकडावर वाढतात. सह्याद्रीच्या ओल्या जंगलातही कुजलेलं लाकूड महत्त्वाचं. पण आपल्या कोरड्या जंगलात पडलेलं लाकूड कुजायच्या आत बऱ्याचदा वाळवी खाऊन टाकते. म्हणून मोळी आणणाऱ्या बाईला मॉसचा शत्रू ठरवायचं कारण नाही. इथे दगड आणि नाला जास्त मोलाचा. बाहेरचा नियम जसाच्या तसा कॉपी पेस्ट केला की असं होतं.

चराईचंही प्रमाण बघावं लागतं. गुरांच्या खुरांनी ओल्या मातीवरची पातळ हिरवी कातडी फाटते. थोडी फाटली तर भरून येते, रोज त्याच वाटेने कळप गेला तर नाही.

बाहेर काय शिकले?

स्वीडनमध्ये तोड करताना छोट्या ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना सुमारे १० मीटरचा पट्टा सोडून बघितला गेला. पूर्ण तोडीपेक्षा तिथे मॉस आणि लिव्हरवर्ट नक्कीच जास्त वाचले. पण सगळे वाचले नाहीत. उंच दगडांवरचे, बुंध्यांवरचे, म्हणजे बाहेर आलेल्या जागांवरचे जास्त गेले. खोलगट जागांतले टिकले. साहजिक आहे, उंचवटा आधी वाळतो, खळगा उशिरा. आणि एकूणात लिव्हरवर्टना मॉसपेक्षा जास्त फटका बसला.

अमेरिकेच्या वायव्य भागात १९९४ साली मोठी वनयोजना आली. गाजली ती ठिपक्यांच्या घुबडामुळे. पण त्यात एक अटही होती: जुन्या जंगलातल्या काही दुर्मीळ मॉस, लिव्हरवर्ट, दगडफूल, बुरशा, गोगलगायी आधी शोधा आणि मगच तोडीचं काम काढा. म्हणजे नखाएवढ्या जिवाला सरकारी कागदावर जागा मिळाली.

आपल्याकडे काय आहे?

एवढं लांब जायची गरज नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं जंगल जवळपास संपलं होतं, पाण्याचे हाल होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, राखण लावली, तोडणाऱ्याला दंड ठेवला. सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने राखलं. पाणी परत आलं. रानभाज्यांची स्पर्धा तिथे दरवर्षी भरते. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्याचे नियम मॉससाठी केलेले नव्हते. पण मॉसच्या नजरेने ते नियम वाचा. तोड नाही म्हणजे सावली कायम. चराई नाही म्हणजे माती फाटत नाही. राखण आहे म्हणजे आग लवकर विझते. सगळ्याचा अर्थ एकच, ओल टिकायचा वेळ वाढतो. हिरवळ आणि झरे यांची गरज एकच आहे.

देवराईही तशीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया शास्त्रीय नजरेने नोंदवल्या. कितीतरी ठिकाणी रीत अशी की वाळलेली काडीसुद्धा उचलायची नाही. कारण श्रद्धेचं, पण परिणाम वनव्यवस्थापनाचाच.

"पण मॉस गेलं तर बिघडलं काय?"

हा प्रश्न येणारच. खरं सांगायचं तर खान्देशातलं मॉस नदी भरून टाकेल एवढं पाणी साठवत नाही. तसं कुणी सांगत असेल तर ते वाढवून सांगणं आहे. मॉस काय करतं? उघड्या मातीवर थेंबाचा मार झेलतं. दगडावर मातीचे पहिले कण धरतं, मग तिथे गवताचं, नेच्याचं बी रुजतं. बारीक किड्यांना घर देतं.

आणि एक काम आपल्या कामाचं. झाडाला दुष्काळ कळायला वर्षं लागतात, कारण त्याची मुळं खोल आहेत. मॉसला एका हंगामात कळतो. वरची घळ सुकायला लागली हे सर्व्हर पडायच्या आधी येणाऱ्या वॉर्निंगसारखं ते सांगतं. वॉर्निंग वाचायची नाही असं ठरवलं, तर पुढचा मेसेज थेट विहिरीतून येतो.

आपण काय करायचं?

यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. तिथले निर्णय वन विभाग घेतो. पण सगळं जंगल अभयारण्य नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळतात, आणि ते मिळाले की व्यवस्थापनाचा आराखडा गावालाच करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. वन विभागाची कार्य आयोजना असते, त्यातही नाल्याकाठचे आणि तीव्र उताराचे भाग राखून ठेवता येतात. तुमच्या गावात असा आराखडा होत असेल, तर चार ओळी त्यात घालायला सांगा:

१. जंगलातल्या वरच्या नाल्यांच्या दोन्ही काठांना झाडझुडपांचा पट्टा सोडायचा. तिथे मशीन नाही, चर नाही, नवं रोप लावायला खड्डाही नाही.

२. आंबा, उंबर, जांभूळ, मोह यांची जुनी झाडं आणि त्यांच्या बुडाजवळचे दगड हलवायचे नाहीत.

३. मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून साफ करायचं किंवा जाळी अंथरायची. जाळरेषा वेळेत, पण घळीपासून लांब.

४. लागवड करायचीच तर मिश्र, आणि मोकळ्या उजाड जागी. आहे ती झुडपं काढून नाही.

या चार ओळींना फारसा खर्च नाही. मोहाखालची जाळी सोडली, तर बाकीचं बहुतेक सगळं "करू नका" प्रकारचं आहे.

आणि फोन हातात आहेच, तर एक काम करा. जवळच्या घळीतला एक दगड निवडा. दर ऑगस्टमध्ये त्याच जागेवरून, त्याच बाजूने फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. पाऊस थांबल्यावर तो दगड किती वेळ ओला राहिला तेही लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टवर टाका, जाणकार लोक नाव सुचवतात. मॉस खरवडून घरी आणू नका, फोटो पुरे. आणि लेण्यांच्या, किल्ल्यांच्या दगडावरचं मॉस काढणं हा पुरातत्त्व विभागाचा वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नका.

तीन वर्षांचे तीन फोटो ग्रामसभेत दाखवले, तर कोटीच्या आकड्यात नसलेली माहिती तुमच्या गावाकडे असेल. तुमचा दगड कुठला, ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये आलेले फोटो घेऊन बोलू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!